इंजिन शोधतेस, तर आधी हे ऐक

पोरी,

तुझा फोन आल्यापासून मी खुशीत आहे. १९६६ची बीटल! रंग उडालेला, खिडक्यांची रबरं वाळलेली, आणि मागचं झाकण उघडलं तर आत जाम होऊन बसलेलं इंजिन. तू म्हणालीस, "मावशी, हे टाकून देते आणि एक दणदणीत बसवते." माझ्या हातातला चहा तसाच निवला गं. अजून काही टाकून देऊ नकोस.

मी १९७४ साली लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले, तेव्हा दारात अशीच एक बीटल उभी होती. गॅरेजला द्यायला पैसे नव्हते. जॉन म्यूर यांचं १९६९ साली निघालेलं फोक्सवॅगन दुरुस्तीचं पुस्तक मी वाचनालयातून आणलं, शब्दकोश मांडीवर घेतला आणि पाने हातात धरायला शिकले. पहिली दोन इंजिनं माझ्या हातून टिकली नाहीत. पुढची अजून चालतात. दोन्हींत काय फरक होता ते तुला सांगायला हे लिहितेय.

या गाडीत पाणी नाही, रेडिएटर नाही. तिला थंड ठेवतात ते वारा आणि अडीच लिटर तेल. तेव्हा कुठलंही इंजिन समोर आलं की त्याची ताकद नंतर विचार. आधी विचार, हे थंड राहील का?

१. जुन्या इंजिनाची ओळख करून घे. डायनामोच्या पायथ्याशी केसवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचावर, क्रमांक कोरलेला असतो, तो कापडानं पुसून वाच — तुझ्या सालच्या अमेरिकेतल्या बीटलला १३०० सीसीचं इंजिन येई आणि त्याचा क्रमांक 'एफ' अक्षरानं सुरू होई.

२. दुसरी अक्षरंही पाठ कर: 'डी' म्हणजे १२००, 'एच' म्हणजे १५००, 'एबी' म्हणजे दोन पोर्टचं १३००, 'एडी' आणि 'एई' म्हणजे दोन पोर्टचं १६०० — विकणारा सांगतो ते ऐकावं, पण केस सांगते ते मानावं.

३. पण तो क्रमांक फक्त केसचा, हे विसरू नकोस — आत कुणी काय भरलंय ते उघडल्यावरच कळतं. डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आत मीठ नसतंच असं नाही.

४. शासीचा क्रमांक मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर असतो. तो वोल्फ्सबर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाला कळवून गाडीचा जन्मदाखला मागव — ती कधी बनली, कुठल्या रंगाची होती, कुठे पाठवली गेली ते त्यात येतं, आणि ते वाचल्यावर तिला ओरबाडायचा धीर होत नाही.

५. जाम झालेलं इंजिन मेलंच असं समजू नकोस. चारही प्लग काढ, भोकांतून गंज सोडवणारं तेल सोड आणि आठवडाभर त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. मग पुलीच्या ३० मिमीच्या बोल्टला पाना लावून हलक्या हातानं पुढे-मागे हलव — स्टार्टरनं हिसका दिलास तर सिलिंडरला चिकटलेली रिंग मोडते आणि वाचणारं इंजिन आपल्या घाईनं जातं.

६. आणि काहीही झालं तरी मूळ केस हातची सोडू नकोस. बांधलेलं इंजिन विकणारे जुनं इंजिन अनामत म्हणून मागतात. जुनं दिलंस तर काही डॉलर परत मिळतात. मी माझं पहिलं तसंच देऊन आले. महिन्याभरानं चूक उमगली आणि मी परत गेले, तेव्हा ते कुणा दुसऱ्याच्या गाडीत बसून गेलं होतं. अनामत बुडू दे, केस तेल लावून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेव — तुला नको असली तरी तुझ्यानंतर या गाडीवर जीव लावणाऱ्याला ती हवी असेल.

आता कुठलं इंजिन घ्यायचं ते. माझं मत सरळ आहे. मूळ केस धड असेल तर तीच पुन्हा बांध. नसेल, तर कारखान्याच्याच मापाचं १६००, एका कार्ब्युरेटरचं. त्यापुढे जाऊ नकोस. का, ते सांगते.

७. आकडे समोर ठेव: तेव्हाच्या अमेरिकी मोजणीनं तुझं १३०० म्हणजे ५० हॉर्सपॉवर, १९७१पासूनचं दोन पोर्टचं १६०० म्हणजे ६० — चढावर हे दहा घोडे जाणवतात, सपाटीवर तू तशीही उजव्या लेनमध्येच असणार आहेस.

८. तुझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेकचं तेल एकाच वाटेनं जातं. दोन वाटांची सोय पुढच्या, १९६७च्या मॉडेलला आली. त्यामुळे इंजिनाच्या आधी ब्रेकवर खर्च कर — पळणाऱ्याची वाहवा होते, थांबणारा घरी पोचतो.

९. ८७ मिमीचे पिस्टन घालून १६४१ सीसी करून देतो असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हण — ते सिलिंडर कापकाम न करता बसावेत म्हणून त्यांची भिंत पातळ ठेवलेली असते, आणि पातळ भिंत तापली की गोलाई सोडते.

१०. १७७६ला भिंत जाड मिळते, पण त्यासाठी केस आणि हेड दोन्ही कापून मोठी करावी लागतात — आणि जास्त ताकदीबरोबर जास्त उष्णता येते. ती काढायला तुझ्याकडे पंखा तोच.

११. बसमधलं 'टाइप ४' इंजिन, १७०० ते २००० सीसीचं, स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस — ते आकारानं वेगळं आणि वजनानं जड. त्याला बसवताना गाडीच आपली राहत नाही.

१२. १६००चे भाग मिळतील का, ही काळजी सोड — मेक्सिकोत प्वेब्लाला शेवटची बीटल ३० जुलै २००३ला बाहेर पडली, तोवर जगभरात २,१५,२९,४६४ बनल्या होत्या. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात पिस्टन-रिंगला तोटा नसतो.

आता फ्लायव्हीलचं. इथे भलेभले फसतात, तेव्हा जरा सावकाश वाच. तुझी गाडी ६ व्होल्टची. तिच्या फ्लायव्हीलला १०९ दात आणि क्लच १८० मिमीचा. १९६७पासून १२ व्होल्ट आले, तेव्हा फ्लायव्हील मोठं झालं: १३० दात, २०० मिमीचा क्लच.

१३. नवं इंजिन १३० दातांच्या फ्लायव्हीलसकट आलं तर तसंच ढकलून बसवू नकोस — तुझ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडात त्याला जागा नाही, ते आतून घासतं, आणि स्टार्टरचे दातही जुळत नाहीत.

१४. तुझं जुनं फ्लायव्हील जपून ठेव. १९६६च्या फ्लायव्हीलला पुढच्या इंजिनांसारखी ओ-रिंगची खाच आहे आणि दात मात्र तुझ्या गिअरबॉक्सचे — नव्या-जुन्याचं लग्न लावणारा हा भटजी आहे, त्याला भंगारात घालू नकोस.

१५. फ्लायव्हील बदललं की क्रँकचा प्ले पुन्हा मोज. ०.०७ ते ०.१३ मिमी हवा आणि तो तीन पातळ चकत्यांनी जुळवतात — जास्त राहिला तर क्रँक केसला ठोसे मारतो, कमी राहिला तर तापल्यावर अडकतो.

१६. १२ व्होल्ट करायचं असेल तर इंजिन बाहेर असतानाच ठरव — डायनामो, कॉइल, चोक, दिवे, वायपर सगळी वरात बदलते, आणि अर्धी वरात एका गावी, अर्धी दुसऱ्या गावी अशी गाडी मी वर्षभर चालवली आहे.

वापरलेलं इंजिन बघायला जाशील तेव्हा जुने कपडे, टॉर्च, कॉम्प्रेशन गेज आणि एक चिंधी घेऊन जा. भाव करायची घाई करू नकोस. विकणाऱ्याशी गोड बोल, त्याच्या कुत्र्याचं कौतुक कर, आणि हात मात्र इंजिनाच्या पुलीवर ठेव.

१७. पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलव — 'टक' असा आवाज आला तर फ्लायव्हीलकडच्या मुख्य बेअरिंगचं घर झिजलेलं असू शकतं, आणि मग केसचं खराद काम आलं.

१८. इंजिन चालू होत असेल तर आधी गरम होऊ दे, मग चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन घे — एक आकडा मोठा असण्यापेक्षा चारही जवळजवळ सारखे असणं मोलाचं. चौघांतला एक आजारी असेल तर घर आजारी.

१९. तिसऱ्या सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, केस चिंधीनं पुसून टॉर्चनं बघ — तडा जायचा तर तिथेच जातो, आणि तेलकट मळाखाली तो वर्षानुवर्षं लपतो.

२०. हेड उघडी असतील तर व्हॉल्व्हची सीट आणि प्लगचं भोक यांच्या मधली जागा न्याहाळ — केसासारखी रेघ दिसली तर त्या हेडला रामराम.

२१. केस मॅग्नेशियमची, मऊ. हेडचे स्टड तिच्यातून आटे घेऊन उपटतात. तिथे पोलादी बुशिंग बसवली आहेत का विचार — नसतील तर बांधताना बसवून घे, खर्च थोडा आणि झोप शांत.

२२. पंख्याच्या आवरणात बोट घालून बघ — अंगणात वर्षानुवर्षं उभ्या गाडीत उंदरानं घरटं केलेलं असतं, आणि गवताच्या एका पेंढीनं दोन सिलिंडरांचा वारा बंद होतो.

२३. 'बांधलेलं आहे' म्हणाला तर प्रेमानं पावत्या माग — ज्यानं खरंच बांधलंय तो क्रँकचं माप, बेअरिंगचं माप न विचारता सांगत सुटतो. ज्यानं फक्त रंगवलंय तो रंगाचंच सांगतो.

२४. नवं मागवताना काय काय येणार ते लिहून घे. 'लाँग ब्लॉक' म्हणजे केस, क्रँक, पिस्टन, सिलिंडर, हेड एवढंच. पत्रे, पंखा, कार्ब्युरेटर, डायनामो, सायलेन्सर काही नाही — भावातला फरक बघून हुरळलेल्या माणसाला ही राहिलेली यादी नंतर भेटते.

आणि आता पत्रे. पोरी, एवढा एकच भाग वाचलास तरी चालेल.

इंजिनाभोवतीचे ते काळे पत्रे लोक शोभेचे समजतात. ते घराच्या भिंती आहेत. वर थंड हवेची खोली, खाली गरम हवेची. मध्ये पत्रे आणि कडेनं रबराची पट्टी. पंखा वरच्या खोलीतली हवा ओढून सिलिंडरांवरून खाली ढकलतो. एक पत्रा गेला, एक रबर फाटलं, की खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो.

मला हे शिकवलं १९७८च्या ऑगस्टनं. बेकर्सफील्डहून लॉस एंजेलिसकडे येताना ग्रेपव्हाइनचा चढ लागतो. इंजिन मी स्वतः बांधलेलं, पुढचा एक पत्रा बसत नव्हता म्हणून फळीवर ठेवून दिलेला. अर्ध्या चढावर एक खणखणाट झाला आणि गाडी थंडावली. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये घुसलं होतं. उन्हात तीन तास उभी राहिले, काकांना फोन करायला दीड मैल चालले. तो पत्रा घरी फळीवरच होता.

२५. इंजिन बाहेर काढलंस की प्रत्येक पत्र्याचा फोटो काढ आणि प्रत्येक स्क्रू चिठ्ठी लावलेल्या पुडीत ठेव — बसवताना एक पत्रा उरला तर तो उरलेला नसतो, राहिलेला असतो.

२६. तिसऱ्याला सगळ्यात जास्त जप. डाव्या बाजूचं, गिअरबॉक्सकडचं ते सिलिंडर — तुझ्या सालच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, त्याच्या वाटेवर उभा असतो, म्हणून त्याला वारा कमी आणि गरम मिळतो.

२७. १६०० घेतलंस तर १९७१पासूनचा बाहेर सरकवलेला कूलर, त्याचं आवरण, त्याचा रुंद पंखा आणि गरम हवा बाहेर नेणारे पत्रे असा पूर्ण संच घे — फोक्सवॅगननं तिसऱ्याचं दुखणं ओळखून केलेला हा इलाज आहे, आणि इलाज अर्धा घ्यायचा नसतो.

२८. थर्मोस्टॅट आणि त्याच्या झडपा फेकू नकोस, कुणी कितीही सांगो — झडपा मिटलेल्या असतात तोवर इंजिन लवकर गरम होतं आणि झीज कमी होते. मूळ थर्मोस्टॅट बिघडला तरी झडपा उघड्या ठेवूनच बिघडतो.

२९. चकचकीत सायलेन्सरच्या नादानं हीटरच्या पेट्या काढू नकोस — टाहोला बर्फात काचेवरची वाफ पुसत गाडी चालवायला तीन हात लागतात.

३०. डिस्ट्रिब्युटर व्हॅक्युमवाला घे, कार्ब्युरेटरला जुळणारा — नुसत्या वजनांवर चालणारा स्वस्त पडतो, पण १६००च्या कार्ब्युरेटरबरोबर सिग्नल सुटताना गाडी ठेचकाळते आणि माणूस दोष इंजिनाला देतो.

३१. पेट्रोलची प्रत्येक नळी नवी घाल, इथेनॉल सोसणारी, प्रत्येक टोकाला क्लॅम्प. आणि प्लास्टिकचा फिल्टर इंजिनाच्या खोलीत कधीच नको — आपल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यानं भुसभुशीत होतं, आणि मॅग्नेशियमची केस पेटली तर पाण्यानं विझत नाही, भडकते. कार्ब्युरेटरचं पितळी तोंड सैल होतं का, तेही हलवून बघ. आग विझवायचं नळकांडं ड्रायव्हरच्या सीटजवळ असू दे.

३२. स्मॉग तपासणीची धास्ती नको — कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना ती माफ आहे. पण हे पत्र पुण्याला तुझ्या मामालाही दाखव, तोही एका बीटलच्या मागे लागलाय. तिकडे आरसी बुकात इंजिन क्रमांक असतो. त्यातून २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि इंजिनातला बदलही मोठ्या फेरफारात धरला आहे — त्यानं तर मूळ केस उशाशी घेऊन झोपावं.

३३. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरव, तेलाचा दिवा विझेपर्यंत — कोरड्या बेअरिंगवरचं एक मिनिट वर्षभराची झीज करतं.

३४. नवा कॅम असेल तर पहिली वीस मिनिटं २०००च्या आसपास फेऱ्यांवर चालव, मंद सोडू नकोस. तेल जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं घे — कॅमला तेल उडून मिळतं, आणि फेरे कमी तर उडणंही कमी. मग ते तेल लगेच बदल.

३५. तेलाच्या जाळीचे सहा छोटे नट बोटांच्या जोरानं घट्ट कर, दंडाच्या नव्हे — गळती थांबवायला जोर लावणाऱ्याचे आटे जातात आणि मग गळती कायमची होते.

३६. व्हॉल्व्हचा गॅप ०.१५ मिमी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, नवं असताना पहिल्या ५०० किलोमीटरला आणि पुढे दर ५,०००ला — वाजणारा व्हॉल्व्ह बोलतो, गप्प बसलेला जळतो. बारीक टिकटिक आली तर घाबरू नकोस. टिकटिक थांबली तर फीलर गेज काढ.

३७. जादा बेल्ट, २१चा पाना आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर गाडीतच राहू देत, आणि लाल दिवा लागला की त्याच क्षणी कडेला घे — पंखा डायनामोच्याच दांड्यावर आहे. बेल्ट तुटला की चार्जिंग तर जातंच, वाराही जातो.

शनिवारी मी येते. तू तोवर ५ नंबरचं तेवढं कर, प्लग काढ आणि तेल सोड. इंजिन गिअरबॉक्सला फक्त चार बोल्टांवर धरलेलं असतं, आपण दोघी जॅकवर आरामात उतरवू. मागची बाजू उंच उचलायला घोड्या माझ्याकडे आहेत. फ्लायव्हीलच्या नटाला ३६चा सॉकेट लागतो आणि तो ३० किलोग्रॅम-मीटरवर आवळलेला असतो, म्हणून काकांचा पाच फुटी पाइपही आणतेय. तू फक्त गॅरेजमधली ती सायकल आणि खोकी हलवून ठेव, आणि पिशव्या आण, चिठ्ठ्या लावायला. भरपूर आण.

तुझी,
मावशी